अर्धसत्याला उत्तर: हवामान बदलाबद्दलच्या फसव्या दाव्यांशी बोलायचं कसं

हवामान बदलाच्या वादात नव्याने पडलेल्या माणसाची पहिली अडचण ही की समोरचा बरेचदा धादांत खोटं बोलतच नाही. "हवामान काय, पूर्वीही बदलायचंच." खरं आहे. "हवेत कार्बन डायऑक्साइड असतो फक्त ०.०४ टक्के." हेही खरं. "त्याच्यावर तर झाडं वाढतात." अगदी खरं. गडबड होते ती या वाक्यावरून निष्कर्षावर उडी मारताना. 'नरो वा कुंजरो वा'चाच हा प्रकार. म्हणून "हे सगळं खोटं आहे" असं म्हणत तुम्ही तोंड उघडलंत तर वाद तिथेच हरता, कारण त्यातलं जे खरं आहे ते ऐकणाऱ्यालाही ठाऊक असतं. खरं वाक्य वाकडं कुठे वळलं, ती जागा सापडली की अर्धं काम झालं. ती कशी शोधायची ते पुढे टप्प्याटप्प्याने सांगतो.

पायरी १: उत्तर कोणासाठी आहे ते ठरवा

एखादा खरोखर गोंधळलेला असतो, कुठेतरी वाचलेलं त्याला खटकत असतं. दुसऱ्याचं मत पक्कं झालेलं असतं. आणि या दोघांपेक्षा महत्त्वाचे असतात ते नुसते ऐकणारे किंवा वाचणारे. गोंधळलेल्याशी निवांत बोला. पक्क्या मताच्या माणसाला एकच प्रश्न विचारा: "काय दिसलं तर तुमचं मत बदलेल?" ठोस उत्तर आलं तर चर्चेला अर्थ आहे. "काहीही दिसलं तरी नाही" असं आलं, तर त्याला पटवण्याचा नाद सोडा आणि ऐकणाऱ्यांसाठी एक स्वच्छ, शांत उत्तर द्या. आवाज चढला की ऐकणाऱ्यांना फक्त भांडण लक्षात राहतं.

पायरी २: दावा एका वाक्यात पकडा

"म्हणजे तुमचं म्हणणं असं का, की..." असं म्हणून समोरच्याचा दावा त्याच्याच तोंडून नक्की करून घ्या. बहुतेक दावे चारांपैकी एका प्रकारात बसतात. तापमान वाढतच नाहीये. वाढतंय, पण माणसामुळे नाही. माणसामुळे वाढतंय, पण त्यात बिघडलं काय? किंवा, सगळं मान्य, पण आता करून उपयोग नाही, किंवा परवडत नाही.

ही विभागणी का करायची? कारण माणसं नकळत एकावरून दुसऱ्यावर सरकतात. आत्ता "तापमापकच चुकीच्या जागी लावलेत" म्हणणारा पाच मिनिटांनी "ही सगळी सूर्याची करणी" म्हणतो. तापमान वाढलंच नसेल तर सूर्याने केलं काय? हे टोमणा न मारता दाखवून द्यायचं आणि विचारायचं, "यातलं नक्की कोणतं धरून बोलूया?"

पायरी ३: खरं आहे ते मान्य करा, मग वळण दाखवा

सगळी मेहनत इथे आहे, म्हणून उदाहरणंच घेऊ.

*"हवामान पूर्वीही बदलायचं."* हो, बदलायचं. अंटार्क्टिकात खोल छिद्रं पाडून काढलेल्या बर्फात अडकलेल्या हवेच्या बुडबुड्यांवरून गेल्या आठ लाख वर्षांची नोंद मिळते. हिमयुगं येत-जात होती, पृथ्वीच्या कक्षेत आणि आसाच्या कलात होणारे संथ बदल हे त्याचं मूळ कारण होतं. इथवर दोघांचं एकमत. पुढची उडी अशी: पूर्वी नैसर्गिक कारण होतं, म्हणजे आताही तेच असणार. पण ती नैसर्गिक कारणं आज मोजता येतात. सूर्याची उष्णता उपग्रह १९७८ पासून मोजताहेत, तिच्यात तापमानवाढ समजावून सांगेल अशी वाढ नाही. कक्षेतले बदल हजारो वर्षांच्या गतीने चालतात. ज्वालामुखींतून वर्षाला बाहेर पडणारा कार्बन डायऑक्साइड माणसाच्या उत्सर्जनाच्या फार तर एक टक्क्याच्या आसपास असतो.

शिवाय एक खूण आहे, जी मला स्वतःला सगळ्यांत पटणारी वाटते. सूर्य जास्त तापल्यामुळे पृथ्वी तापत असती, तर वातावरण वरपासून खालपर्यंत तापलं असतं. प्रत्यक्षात जमिनीलगतचा थर तापतोय आणि त्याच्या वरचा थर, म्हणजे स्थितांबर, थंड होतोय. हरितगृह वायू, म्हणजे कार्बन डायऑक्साइडसारखे उष्णता अडवून धरणारे वायू, वाढले की नेमकं हेच होतं. सूर्याला दोष देणाऱ्या माणसाला एवढा एकच मुद्दा सांगितला तरी पुरतो.

गतीचा मुद्दा उरतो. शेवटच्या हिमयुगातून बाहेर पडताना पृथ्वी साधारण पाच-सहा अंशांनी तापली, पण त्याला दहा हजार वर्षांच्या घरात काळ लागला. आताची एक अंशाहून अधिक वाढ दीडशे वर्षांतली आहे, आणि तिचा मोठा भाग गेल्या पन्नास वर्षांतला.

*"०.०४ टक्क्यांनी काय होणार?"* कोरड्या हवेत नायट्रोजन, ऑक्सिजन आणि आरगॉन मिळून ९९.९ टक्क्यांहून जास्त असतात. जमिनीतून वर जाणारे अवरक्त किरण, म्हणजे डोळ्यांना न दिसणारे उष्णतेचे किरण, हे तिन्ही वायू जवळजवळ जसेच्या तसे जाऊ देतात. उष्णता अडवण्याचं काम उरलेल्या चिमूटभर वायूंकडे आहे, त्यामुळे टक्केवारी एकूण हवेशी लावण्यात अर्थ नाही. हे वायू नसते तर पृथ्वीचं सरासरी तापमान आजच्या अधिक १५ अंशांऐवजी उणे १८ अंशांच्या आसपास असतं. युनिस फूट यांनी १८५६ मध्ये कार्बन डायऑक्साइड भरलेली नळी उन्हात जास्त तापते हे दाखवलं, जॉन टिंडल यांनी १८५९ मध्ये वायूंची उष्णता शोषण्याची क्षमता मोजली, आणि स्वान्ते अऱ्हेनियस यांनी १८९६ मध्ये हवेतला हा वायू दुप्पट झाला तर पृथ्वी किती तापेल याचा हिशोब कागदावर मांडला. (हे सगळं आत्ताच्या सरकारांनी कर लावण्यासाठी रचलंय असं म्हणणाऱ्याला ही तीन वर्षं नुसती वाचून दाखवावीत.)

*"निसर्ग माणसापेक्षा वीसपट कार्बन सोडतो."* हा दावा चतुर आहे, कारण आकडा बरोबर आहे. झाडं, माती आणि समुद्र दरवर्षी जेवढा कार्बन डायऑक्साइड सोडतात त्याच्यापुढे माणसाचा वाटा चार-पाच टक्केच भरतो. पण सोडतात तेवढाच, किंबहुना जरा जास्तच, ते परत शोषतात. दावा करणारा जमेची बाजू वाचतो आणि खर्चाची झाकून ठेवतो. खात्यात दरमहा लाख येतात आणि लाख जातात, अशात कोणी गुपचूप पाच हजार जास्तीचे भरू लागला, तर शिल्लक वाढते ती त्या पाच हजारांमुळेच. हवेतली शिल्लकही तशीच वाढली आहे. औद्योगिक क्रांतीपूर्वी ती दहा लाख भागांत २८० होती. चार्ल्स कीलिंग यांनी १९५८ मध्ये हवाई बेटांतल्या मौना लोआ पर्वतावर मोजायला सुरुवात केली तेव्हा ३१५ च्या आसपास होती. आज ती ४२० च्या पुढे आहे, आणि गेल्या आठ लाख वर्षांत ती ३०० च्या फारशी वर कधी गेली नव्हती. माणूस जेवढं ओततो त्यातलं निम्मं निसर्ग गिळतो, म्हणून वाढ आजवर एवढीच झाली आहे.

"पण वाढलेला कार्बन आमच्याच धुराड्यांतला कशावरून?" असा पुढचा प्रश्न आला तर तो चांगला प्रश्न आहे, तसं म्हणा. कोळसा आणि खनिज तेल कोट्यवधी वर्षं जुनं, म्हणून त्यात कार्बन-१४ हा कार्बनचा किरणोत्सारी, काळानुसार संपत जाणारा प्रकार उरलेला नसतो. मुळात ते वनस्पतींपासून झालेलं, म्हणून त्यात कार्बन-१३ हा कार्बनचा थोडा जड प्रकार कमी असतो. हवेतल्या या दोन्हींचं प्रमाण नेमकं त्याच दिशेने घसरत गेलंय. शिवाय हवेतला ऑक्सिजनही अगदी थोडा थोडा कमी होतोय, जे काहीतरी जळत असल्याशिवाय होत नाही.

*"बर्फातल्या नोंदींत आधी तापमान वाढतं, कार्बन नंतर."* जरा वाचन केलेला माणूस हा मुद्दा काढतो, त्याला उडवून लावू नका. हिमयुगांच्या शेवटी सुरुवात कक्षेतल्या बदलाने झाली, समुद्र तापला, तापलेल्या समुद्राने कार्बन डायऑक्साइड सोडला आणि त्याने पुढची तापमानवाढ घडवली. कार्बन तेव्हा आधी परिणाम होता, मग कारण झाला. आज तो समुद्रातून येत नाहीये, आपण थेट ओततोय. बाष्पाचंही असंच. ते सगळ्यांत प्रभावी हरितगृह वायू आहे हे खरं, पण हवेत ते जेमतेम आठवडा-दहा दिवस टिकतं आणि किती मावेल हे तापमानावर ठरतं, एका अंशाला साधारण सात टक्के जास्त. दुसऱ्या कशाने तापमान वाढलं की बाष्प ती वाढ आणखी फुगवतं. स्वतःहून ते सुरुवात करत नाही.

*"कार्बन वाढला की हिरवाई वाढते."* उपग्रहांना ही हिरवाई दिसली आहे, मान्य करून टाका. मग सांगा की त्याच वायूमुळे उष्णता आणि दुष्काळही वाढतात, आणि प्रयोगांत जास्त कार्बन डायऑक्साइडमध्ये वाढवलेल्या गहू-तांदळात जस्त, लोह आणि प्रथिनं कमी भरली. एवढं पुरे.

पायरी ४: युक्तीला नाव द्या

एका दाव्याचं उत्तर पाठ केलंत तर उद्या दुसरा येईल. युक्ती ओळखायला शिकलात, आणि ऐकणाऱ्यालाही शिकवलीत, तर तीच युक्ती नव्या वेशात आली तरी फसत नाही. लोकांना अशा युक्त्यांची आधीच ओळख करून दिली तर ते फसवणुकीला कमी बळी पडतात, हे प्रयोगांतूनही दिसलं आहे.

पहिली युक्ती, हवं तेवढंच वेचणं. फेब्रुवारी २०१५ मध्ये अमेरिकी सिनेटर जेम्स इनहॉफ यांनी सभागृहात बर्फाचा गोळा आणून दाखवला: बाहेर थंडी आहे, मग कसली तापमानवाढ? ते वर्ष संपलं तेव्हा तोवरच्या नोंदींतलं सर्वांत उष्ण वर्ष ठरलं होतं. एका गावातला एक दिवस आणि सगळ्या पृथ्वीची वर्षांची सरासरी यांत जेवढं अंतर, तेवढं त्या गोळ्यात आणि त्याच्या निष्कर्षात होतं. "१९९८ नंतर तापमानवाढ थांबली" हाही असाच दावा. १९९८ साली जबरदस्त एल निनो होता (प्रशांत महासागराचं पाणी तापून जगाचं तापमान काही काळ वर जातं तो), म्हणून मोजायला सुरुवातच शिखरावरून केली. अशा वेळी नेहमीचा प्रश्न: "हेच वर्ष का? दोन वर्षं आधीपासून मोजलं तर?" आता तर तो दावा आपोआपच मोडलाय. २०२४ साल १८५० ते १९०० च्या सरासरीपेक्षा सुमारे दीड अंशाने उष्ण गेलं.

दुसरी युक्ती, भलत्याच तज्ज्ञांची गर्दी. अमेरिकेत ३१ हजारांवर सह्यांचं एक निवेदन १९९८ पासून फिरतंय. सहीसाठी विज्ञानाची कुठलीही पदवी चालत होती, आणि सही करणाऱ्यांत हवामानाचा प्रत्यक्ष अभ्यास करणारे अगदी थोडे होते. आकड्याला घाबरू नका, "यातले किती जण या विषयात काम करतात?" एवढंच विचारा.

तिसरी, कटाचा आरोप. हिच्याशी पुराव्याने लढणं अवघड, कारण प्रत्येक नवा पुरावा कटातच जमा होतो. तेव्हा संशयाने सुरुवात केलेल्या माणसाची गोष्ट सांगा. बर्कलीचे भौतिकशास्त्रज्ञ रिचर्ड म्युलर यांचा तापमानाच्या जागतिक नोंदींवर विश्वास नव्हता. शहरांच्या उष्णतेमुळे आकडे फुगले असतील, असं त्यांना वाटायचं. त्यांनी स्वतःचा गट उभा केला, त्याला मिळालेल्या पैशांत खनिज तेलाच्या धंद्यातल्या चार्ल्स कोक यांच्या प्रतिष्ठानचाही वाटा होता, सगळ्या नोंदी नव्याने तपासल्या, आणि २०१२ मध्ये जाहीर केलं की वाढ खरी आहे आणि जवळजवळ पूर्णपणे माणसामुळे आहे. "आकड्यांत दुरुस्त्या करतात" असं कोणी म्हटलं, तर ते करतातच. पण पूर्वी समुद्राचं पाणी बादलीने उपसून मोजायचे, तेव्हा ते थंड भरायचं. ही चूक सुधारल्यावर एकूण जागतिक वाढ मूळ आकड्यांपेक्षा *कमी* दिसते. फुगवायचे असते तर ही दुरुस्ती कोणी केली असती?

२००९ मध्ये ब्रिटनमधल्या ईस्ट अँग्लिया विद्यापीठातल्या हवामान शास्त्रज्ञांचे ईमेल फोडले गेले, तो विषय हमखास निघतो. त्यावर अनेक चौकशा झाल्या. माहिती मोकळेपणाने न दिल्याबद्दल ताशेरे आले, पण आकड्यांत खोटेपणा आढळला नाही. ताशेऱ्यांचा भाग लपवू नका, तुमच्या शब्दाला वजन येतं ते त्यानेच.

आणि अशक्य अपेक्षा: "उद्याचा पाऊस नीट सांगता येत नाही, पन्नास वर्षांनंतरचं काय सांगणार?" १९७० ते २००७ या काळातल्या १७ जागतिक तापमान भाकितांची नंतर प्रत्यक्ष नोंदींशी तुलना झाली. उत्सर्जनाचे अंदाज वगळून भौतिकशास्त्र तेवढं तपासलं, तर १४ बरोबर निघाली.

पायरी ५: उत्तराची मांडणी

खरं काय ते आधी सांगा. मग "याबद्दल एक दिशाभूल करणारा दावा फिरतो" असा इशारा देऊन तो दावा एकदाच उच्चारा. मग तो कुठे वाकडा होतो ते दाखवा, आणि शेवट पुन्हा खऱ्या गोष्टीवर करा. खोट्या दाव्याचा उल्लेख केला की तोच डोक्यात बसतो, अशी भीती पूर्वी फार घातली जायची. नंतरच्या प्रयोगांत तसं क्वचितच घडताना दिसलं, त्यामुळे उल्लेख टाळायचं कारण नाही. फक्त त्याला मथळा करू नका.

एका उत्तरात एकच आकडा. फार तर दोन. वरची सगळी माहिती तुमच्या कामाची आहे, समोरच्यावर ओतण्यासाठी नाही. शक्य तिथे "शास्त्रज्ञ म्हणतात" याऐवजी "असं असं होतं म्हणून" सांगा. स्थितांबर थंड होतंय हे ज्याला कळलं, तो ते दुसऱ्याला सांगू शकतो. ९७ टक्के शास्त्रज्ञांचं एकमत आहे हे ज्याने फक्त ऐकलं, तो पुढच्या प्रश्नाला अडतो. (एकमत आहेच. आयपीसीसीने, म्हणजे हवामान बदलावरच्या संशोधनाचा आढावा घेणाऱ्या संयुक्त राष्ट्रांच्या समितीने, २०२१ च्या अहवालात माणसाच्या प्रभावाला 'असंदिग्ध' म्हटलं. पण तो आधार म्हणून ठेवा, हत्यार म्हणून नको.)

पायरी ६: "मान्य, पण..." हा नवा मोर्चा

तापमान वाढतच नाही म्हणणारे आता कमी भेटतात. जास्त भेटतात ते चालढकल करणारे, आणि इथे नवखा माणूस गडबडतो, कारण विज्ञानाचं उत्तर इथे पुरत नाही.

"चीन करत नाही तोवर आपण का?" चीनचं वार्षिक उत्सर्जन जगात सर्वांत जास्त आहे, खरं. पण आजवर साठलेल्यात सर्वांत मोठा वाटा अमेरिकेचा आहे, सुमारे पाव. आणि ज्या देशांचा वाटा दोन टक्क्यांहून कमी आहे ते सगळे एकत्र केले तर जगाच्या उत्सर्जनाचा साधारण तिसरा हिस्सा होतो. प्रत्येकाने "माझ्याने काय फरक पडतो" म्हटलं, तर तेवढा हिस्सा हललाच नाही.

"विजेची गाडी बनवतानाही धूर होतोच." होतो, बॅटरीमुळे पेट्रोलच्या गाडीपेक्षा जास्तच होतो. पण गाडी बनवण्याबरोबर चालवण्याचाही हिशोब धरा, तर बहुतेक ठिकाणी विजेची गाडी कमी उत्सर्जन करते. सौर पॅनेल बनवायला लागलेली ऊर्जा ते साधारण वर्ष-दोन वर्षांत परत देतं आणि पुढे वीस-पंचवीस वर्षं चालतं. इथेही तीच युक्ती आहे: हिशोब अर्ध्यावर थांबवायचा.

मात्र सगळ्याच आक्षेपांना फसवे ठरवू नका. अणुऊर्जा हवी की नको, कार्बनवर कर लावावा का, खर्चाचा भार कोणावर पडावा, ही मतभेदाची जागा आहे, आणि प्रामाणिक माणसं तिथे दोन्ही बाजूंना असतात. एखादा कर नको म्हणाला म्हणून त्याला विज्ञान नाकारणारा म्हटलंत, तर चूक तुमची. तापमान का वाढतंय हा मोजण्याचा प्रश्न आहे, त्यावर काय करायचं हा ठरवण्याचा. दोन्हींची सरमिसळ दोन्ही बाजूंनी होते.

"आता उशीर झाला" हाही दिशाभूल करणाराच दावा, फक्त तो चिंता करणाऱ्यांच्या तोंडून येतो. कार्बन डायऑक्साइडचं निव्वळ उत्सर्जन शून्यावर आलं की तापमानवाढ बव्हंशी थांबते, असं आजचं विज्ञान सांगतं. समुद्राची पातळी पुढेही वाढत राहते, तापलेलं लगेच थंड होत नाही, पण पुढची वाढ अटळ नसते.

पायरी ७: आपल्या बाजूची अतिशयोक्तीही तपासा

"जग संपायला बारा वर्षं उरली" हे वाक्य बरंच फिरलं. आयपीसीसीच्या २०१८ च्या अहवालात असं काही नव्हतं. वाढ दीड अंशाशी थांबवायची तर जगाचं कार्बन उत्सर्जन २०१० च्या तुलनेत २०३० पर्यंत सुमारे ४५ टक्क्यांनी घटवावं लागेल, असं त्यात होतं. ते हुकलं तर त्या दिवशी कडा कोसळत नाही, धोका वाढत जातो. प्रत्येक वादळाला हवामान बदलाचं लेबल लावणं हाही तसाच प्रकार. उष्णतेच्या लाटांबद्दल आणि मुसळधार पावसाबद्दल आता बऱ्याच खात्रीने बोलता येतं. चक्रीवादळांच्या *संख्येबद्दल* तसं नाही, त्यांच्या तीव्रतेबद्दल आणि त्यांच्यातल्या पावसाबद्दल जास्त बोलता येतं. आपल्या माणसाने असं काही म्हटलं तर त्यालाही तिथल्या तिथे टोका, आणि सगळ्यांसमोर टोका. पलीकडचा माणूस तुमचं ऐकायला लागतो तो बहुधा तिथूनच.

पायरी ८: दाव्यांचा ढीग आला तर

एकाच दमात दहा दावे टाकणारा भेटतोच. प्रत्येकाचं उत्तर द्यायला बसलात तर तुमचा दिवस जातो आणि त्याला अकरावा सुचतो. "यातला तुम्हाला सर्वांत भक्कम वाटणारा एक निवडा, त्यावरच बोलू" असं म्हणा. त्याने निवडला तर वरच्या पायऱ्या लावा. तो कोसळल्यावर त्याने काही न बोलता दुसऱ्यावर उडी मारली, तर ती उडी शब्दांत नोंदवा: "पहिला मुद्दा सोडून दिला असं धरतो." दुसऱ्यांदा तसंच झालं की थांबा. एखादा मुद्दा तुम्हाला स्वतःला नवा असेल तर तिथल्या तिथे काहीतरी ठोकून देऊ नका, "बघून सांगतो" म्हणा आणि खरंच बघा. जागतिक तापमानाच्या नासा, नोआ (अमेरिकेची सरकारी हवामान व समुद्र संस्था), कोपर्निकस (युरोपची हवामान सेवा) आणि बर्कली अर्थ (वर आलेला म्युलर यांचा गट) यांच्या नोंदी खुल्या आहेत आणि त्या एकमेकींशी जुळतात. आयपीसीसीच्या अहवालांचे सारांश मोजक्या पानांचे असतात. उत्तर घेऊन दोन दिवसांनी परत गेलात तरी चालतं.